मानहानीची नोटीस, फिर्याद, दावा: कागद हातात पडल्यावर काय करायचं

आधी कागद कोणाचा आहे ते बघा. ‘कोर्टाची नोटीस आली’ म्हणून लोक घाबरून जे दाखवतात, ते बहुतेक वेळा वकिलाचं पत्र असतं. वर वकिलाचं लेटरहेड, आत ‘माझ्या अशिलाच्या सूचनेवरून’ आणि शेवटी ‘सात दिवसांत बिनशर्त माफी मागा, अन्यथा दिवाणी व फौजदारी कारवाई’ असं असेल, तर कोर्टात अजून काहीही दाखल झालेलं नसण्याची शक्यता मोठी. कोर्टाच्या समन्सवर न्यायालयाचं नाव, प्रकरणाचा क्रमांक, हजर राहण्याची तारीख, न्यायालयाचा शिक्का आणि सही असते. पोलीस ठाण्यातून फोन आला, तर तो तिसराच प्रकार. या तिन्हींना द्यायचं उत्तर वेगवेगळं आहे, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला दिलं की नुकसान होतं.

वकिलाच्या नोटिशीतली सात किंवा पंधरा दिवसांची मुदत कायद्याने ठरवलेली नसते, ती त्या वकिलाने लिहिलेली असते. ती उलटली म्हणून कोणी आपोआप दोषी ठरत नाही. समन्सवरची तारीख मात्र पाळावीच लागते. आणि पाकीट परत पाठवून सुटका होत नाही. बरोबर पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने आलेलं पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत गेलं, तर ते बजावलं गेलं असंच सहसा धरलं जातं. ते घ्या, उघडा, पाकिटासकट जपून ठेवा. पाकिटावरचा टपालाचा शिक्का पुढे तारखा मोजताना उपयोगी पडतो.

समन्स खरं आहे का, हे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तपासता येतं. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की पक्षकारांची नावं, पुढची तारीख आणि आतापर्यंतचे आदेश दिसतात. व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ करणारं कोर्ट देशात नाही. तसा फोन आला तर ती फसवणूक समजा.

मानहानी म्हणजे नेमकं काय

फौजदारी कायद्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागू आहे. त्याआधी भारतीय दंड संहितेची कलमं ४९९ ते ५०२ होती. मजकूर जुना असेल तर जुनीच कलमं लागतात, त्यामुळे नोटिशीत कुठलं कलम लिहिलंय आणि मजकूर कुठल्या तारखेचा आहे, हे जुळवून बघा. व्याख्या जवळजवळ तीच राहिली. शिक्षाही तीच: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. नव्या कायद्यात त्यात सामुदायिक सेवेचा पर्याय जोडला गेला.

मानहानी व्हायला चार गोष्टी जुळाव्या लागतात. एखाद्याबद्दल विशिष्ट आरोप हवा. तो तिसऱ्या माणसापर्यंत पोचलेला हवा. आरोप कोणाबद्दल आहे हे ओळखता यायला हवं. आणि नावलौकिकाला धक्का देण्याचा हेतू, किंवा धक्का बसेल याची जाणीव, किंवा तसं मानायला कारण हवं. दिवाणी दाव्यात हेतूचा मुद्दा इतका कडक नसतो. बाकीचे तीन तिथेही लागतात.

तिसऱ्या माणसाचा मुद्दा लोकांच्या नजरेतून सुटतो. कोणी तुम्हाला थेट, फक्त तुम्हालाच, बंद पाकिटात किंवा खासगी मेसेजमध्ये शिव्या दिल्या, तर ती मानहानी नव्हे. तो अपमान. शांतताभंगाला चिथावणी देणाऱ्या अपमानासाठी कलम ३५२ वेगळं आहे आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करणाऱ्या शब्दांसाठी कलम ७९. तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकला की चित्र बदलतं.

नाव घेतलं नाही म्हणजे सुटलो, असं नाही. ‘आपल्या इमारतीतले एक माजी सचिव’ असं लिहिलं आणि इमारतीत माजी सचिव एकच असेल, तर नाव लिहिल्यासारखंच झालं. याच्या उलट, ‘सगळे पुढारी चोर’ या वाक्यावर एका पुढाऱ्याला फिर्याद करता येत नाही. समूह ठरावीक आणि ओळखता येण्याजोगा असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच म्हटलं आहे. कंपनी आणि संस्था यांचीही मानहानी होऊ शकते. मृत व्यक्तीची फौजदारी कायद्याखाली होऊ शकते, पण ती व्यक्ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला बाध आला असता आणि जवळच्या नातलगांच्या भावना दुखवण्याचा हेतू होता, अशी दुहेरी अट आहे. उपरोधाने केलेली स्तुतीही आरोप ठरू शकते. ‘फारच प्रामाणिक हो आमचे खजिनदार’ हे वाक्य कोणत्या संदर्भात आलं, यावर सगळं अवलंबून.

‘हा माझा मूलभूत हक्क आहे’ हे वाक्य कुठे चालतं

नोटिशीच्या उत्तरात लोक पहिल्याच ओळीत संविधानाचं कलम १९ लिहितात. त्याने वजन येत नाही, कारण समोरच्या वकिलालाही पुढचं उपकलम पाठ असतं. १९(१)(क) बोलण्याचं आणि मत मांडण्याचं स्वातंत्र्य देतं. १९(२) त्यावर वाजवी निर्बंध घालणाऱ्या कायद्यांना जागा देतं आणि त्यासाठीची कारणं मोजून सांगतं: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. अब्रुनुकसानी त्या यादीत नाव घेऊन बसलेली आहे. फौजदारी मानहानीचा कायदाच घटनाबाह्य आहे, हा युक्तिवाद १३ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. नावलौकिक हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्या निकालाने सांगितलं. या निकालावर टीका पुष्कळ झाली आणि त्यातली बरीच पटण्यासारखी आहे, पण खालच्या कोर्टात उभं राहताना हाच कायदा आहे हे धरून चालावं लागतं.

संविधान कामाला येतं ते दुसऱ्या ठिकाणी. समोर सरकारी अधिकारी असेल आणि मजकूर त्याच्या पदाच्या कामाबद्दल असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा आर. राजगोपाल निकाल हाताशी ठेवा. सरकारी अधिकाऱ्याला कर्तव्याशी निगडित कृतीबद्दलच्या मजकुरावरून नुकसानभरपाई हवी असेल, तर मजकूर खोटा होता आणि खऱ्या-खोट्याची पर्वा न करता छापला होता, हे त्याला दाखवावं लागतं. सरकार, स्थानिक संस्था आणि सत्ता चालवणारी तत्सम मंडळं यांना मानहानीच्या भरपाईचा दावाच लावता येत नाही. नगरपालिकेच्या लेटरहेडवर ‘संस्थेची बदनामी झाली, भरपाई द्या’ असं पत्र आलं, तर उत्तराचा पहिला परिच्छेद यावर लिहावा.

आणि कोणी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ची धमकी दिली, तर ते कलम २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात रद्द झालं आहे. एवढ्या वर्षांनीही ते नोटिशींमधून डोकावतं. नोटीस लिहिणाऱ्याने जुना मसुदा तसाच उचलला आहे, इतकंच त्यावरून कळतं.

दोन रस्ते, दोन घड्याळं

फौजदारी फिर्याद शिक्षेसाठी असते, दिवाणी दावा भरपाई आणि मनाई हुकमासाठी. एकाच मजकुरावरून दोन्ही चालू शकतात. घड्याळं मात्र वेगळी.

दिवाणी दाव्याला मुदत एक वर्ष. लेखी मजकूर असेल तर प्रसिद्ध झाल्यापासून, तोंडी असेल तर साधारणपणे बोलल्यापासून. ही मुदत चुकली की दावा संपला. अपिलात चालतो तसा उशीर-माफीचा अर्ज मूळ दाव्यात चालत नाही. ‘मजकूर अजून इंटरनेटवर आहे म्हणजे रोज नवी मानहानी’ असं म्हणणारे भेटतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे नाकारलं आणि पहिल्या प्रसिद्धीपासून मुदत मोजली. तोच मजकूर नव्या वाचकवर्गासाठी पुन्हा टाकला, तर मात्र नवी प्रसिद्धी मानली जाण्याचा धोका आहे. म्हणून नोटीस आल्यावर रागाच्या भरात जुनी पोस्ट पुन्हा शेअर करू नका. संपत आलेलं घड्याळ आपल्याच हाताने पुन्हा सुरू होतं.

फौजदारी फिर्यादीला तीन वर्षं. तिथे सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. फिर्याद बदनाम झालेल्या व्यक्तीनेच करायची. तिच्या चाहत्याला किंवा पक्षाच्या कार्यकर्त्याला ती करता येत नाही. मंत्री किंवा लोकसेवकाच्या सरकारी कामाबद्दलचा मजकूर असेल, तर सरकारी वकील थेट सत्र न्यायालयात फिर्याद करू शकतो. त्याला सरकारची मंजुरी लागते आणि मुदत फक्त सहा महिन्यांची.

गुन्हा अदखलपात्र, जामीनपात्र आणि तडजोडपात्र आहे. या तीन शब्दांत बरीच भीती विरघळायला हवी. अदखलपात्र म्हणजे पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही नाही. ठाण्यात फार तर एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची साधी नोंद, केली जाते. मात्र फोन आल्यावर ‘कुठलं कलम?’ एवढं जरूर विचारा. गटागटांत तेढ (कलम १९६) किंवा धार्मिक भावना (कलम २९९) अशी दखलपात्र कलमं लावली असतील, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी वकील गाठा.

नोटिशीचं उत्तर

उत्तर द्यायच्या आधी पुरावा गोठवा. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घाबरून पोस्ट उडवणं. समोरच्याकडे स्क्रीनशॉट असतोच, आणि तो बहुतेक वेळा अर्धवट असतो. तुमच्या वाक्याआधीचा प्रश्न, खाली तुम्हीच दिलेली दुरुस्ती, सोबत जोडलेला कागद, हे सगळं त्यात नसतं. पूर्ण संदर्भ फक्त तुमच्याकडे होता आणि तो तुम्हीच पुसलात. आधी जतन करा, मग वाटलं तर काढा. पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि तारीख-वेळ दिसू द्या, गप्पांचा ग्रुप असेल तर संभाषण एक्सपोर्ट करा, वरपासून खालपर्यंत सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग करा. ज्या फोनवरून लिहिलं तो विकू नका, रिसेट करू नका.

नुसता छापील स्क्रीनशॉट कोर्टात चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत: एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. म्हणून मूळ फाइल ज्या दिवशी जतन केली त्याच दिवशी तिचं हॅश मूल्य (एसएचए-२५६ या पद्धतीने) काढून तारखेसह लिहून ठेवणं शहाणपणाचं. प्रमाणपत्राची सक्ती किती पक्की आहे, हे जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या २०२० च्या अर्जुन खोतकर प्रकरणात स्पष्ट झालं. तो निकाल जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब वरचा, पण तत्त्व तेच.

मग आपला मजकूर वाक्यावाक्याने फोडा. एका कागदावर प्रत्येक वाक्य लिहा आणि समोर खूण करा: वस्तुस्थिती, मत, की ऐकीव. वस्तुस्थितीच्या प्रत्येक वाक्यासमोर पुरावा कोणता आणि तो लिहिण्याच्या दिवशी हातात होता का, हे लिहा. हा ‘लिहिण्याच्या दिवशी’ फार महत्त्वाचा. कायद्यातला सद्भाव म्हणजे चांगलं मन नव्हे. पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाने केली असं कायदा मानत नाही. नंतर सापडलेला कागद मजकूर खरा ठरवायला उपयोगी पडेल, पण तुम्ही आधी तपासलं होतं हे त्याने सिद्ध होत नाही.

या वर्गवारीतून तीनपैकी एक वाट निघते. सगळं पुराव्यानिशी असेल तर ठाम नकार. एखादंच वाक्य घसरलं असेल तर तेवढ्याची दुरुस्ती. मुळातच चूक असेल तर माफी. मधली वाट लोक विसरतात, आणि खरं तर बहुसंख्य प्रकरणं तिथेच मिटण्यासारखी असतात. ‘दिनांक अमुकच्या मजकुरातील तमुक वाक्य दुरुस्त करीत आहे, योग्य माहिती अशी’ इतकं कोरडं लिहा आणि जिथे मूळ मजकूर टाकला तिथेच टाका. माफी मागायची ठरलीच तर आधी समोरच्याकडून ‘यानंतर कोणतीही दिवाणी वा फौजदारी कारवाई करणार नाही’ असं लेखी घ्या. एकतर्फी, भावनेच्या भरात मागितलेली माफी हा पुढच्या दाव्यातला कबुलीजबाब होतो. तडजोडीच्या प्रत्येक पत्रावर ‘हक्कांना बाध न आणता’ हे शब्द हवेत.

नकाराचं उत्तर दीड पानापेक्षा लांबू देऊ नका. त्यात नवे आरोप नकोत, आणि आपले सगळे पुरावेही नकोत. ते पत्र समोरच्याच्या वकिलाला दिलेलं मोफत मार्गदर्शन होईल. उत्तर न देणं हाही पर्याय आहे, कायद्याची सक्ती नाही. पण पुढे न्यायाधीशासमोर ‘यांनी साधं उत्तरही दिलं नाही’ हे वाक्य बरं दिसत नाही.

आणि ते पाच कोटी? नोटिशीत आकडा लिहायला पैसे पडत नाहीत. दावा लावताना मात्र मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते. त्यामुळे नोटिशीतला आकडा पुष्कळदा शेतातल्या बुजगावण्यासारखा असतो आणि दाव्यात तो अचानक आटतो.

फौजदारी फिर्याद दाखल झाली तर

फिर्याद प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे फिर्यादीचा शपथेवर जबाब होतो. फौजदारी खटल्याची कार्यपद्धती ठरवणाऱ्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ ने इथे एक नवी पायरी घातली: तुमचं म्हणणं ऐकून घेण्याची संधी दिल्याशिवाय न्यायदंडाधिकारी दखल घेऊ शकत नाहीत. म्हणजे पहिला कागद समन्स नसून सुनावणीची नोटीस असू शकतो. ही संधी वाया घालवू नका. फिर्याद, शपथेवरचा जबाब आणि सोबतच्या कागदांच्या प्रती मागून घ्या. मुदत उलटली आहे, फिर्यादी स्वतः बाधित नाही, मजकुरात त्याची ओळखच पटत नाही, असे कागदावरून दिसणारे मुद्दे इथेच मांडा. लांबलचक पुरावा इथे ऐकला जात नाही.

आरोपी त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर राहत असेल, तर समन्स काढण्याआधी चौकशी करणं त्याच संहितेच्या कलम २२५ नुसार बंधनकारक आहे. पुण्यातल्या माणसावर नांदेडला फिर्याद झाली आणि चौकशीशिवाय समन्स निघालं, तर तो बचावाचा मोठा मुद्दा ठरतो.

समन्स निघालंच तर ते मागे घेण्याचा अर्ज त्याच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करून उपयोग नाही. आपलाच आदेश ते फिरवू शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं आहे. सत्र न्यायालयात पुनरीक्षण (म्हणजे वरच्या कोर्टाकडून आदेशाची फेरतपासणी) किंवा उच्च न्यायालयात त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली अर्ज, या दोन वाटा. महाराष्ट्रात उच्च न्यायालय म्हणजे मुंबईच असं नाही. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठं आहेत. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं.

पहिल्या तारखेला आधार कार्ड, त्याच्या दोन प्रती, छायाचित्रं आणि शक्य असेल तर पत्त्याचा पुरावा असलेला एक जामीनदार सोबत न्या. जामीनपात्र गुन्हा असल्याने जामीन हा हक्क आहे. पुष्कळदा जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर, काम होतं. वकीलपत्र त्याच दिवशी दाखल करा. पुढच्या तारखांना प्रत्यक्ष हजेरीतून सूट हवी असेल तर तसा अर्ज लगेच द्या. न सांगता गैरहजर राहिलात तर आधी जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. दोन वर्षांच्या आतल्या या साध्या गुन्ह्यात जे लोक प्रत्यक्ष कोठडी बघतात, ते बहुधा तारखा बुडवल्यामुळे.

पुढे आरोपाचा सारांश वाचून दाखवला जातो. याच टप्प्यावर, आरोप निराधार वाटला तर कारणं लिहून आरोपीला सोडता येईल, अशी तरतूद नव्या संहितेच्या कलम २७४ मध्ये आली आहे. तसा अर्ज तयार ठेवा. नंतर फिर्यादीची साक्ष आणि उलटतपासणी. उलटतपासणीत ‘मजकूर वाचून तुमच्याबद्दल वाईट मत झालेला एक माणूस सांगा’ हा प्रश्न साधा वाटतो, पण अनेक फिर्यादी तिथे अडखळतात. फिर्यादीच तारखेला आला नाही, तर न्यायदंडाधिकारी आरोपीची निर्दोष मुक्तता करू शकतात. तडजोड झाली तरी परिणाम तोच.

बचाव कलम ३५६ मधल्या दहा अपवादांतून उभा राहतो. त्यातले चार रोजच्या व्यवहारात लागतात. पहिला, सत्य. इथे मेख आहे: दिवाणीत सत्य एकटं पुरतं, फौजदारीत ते लोकहितासाठी सांगितलं होतं हेही दाखवावं लागतं. शेजाऱ्याचा जुना घटस्फोट खरा असेल, पण तो ग्रुपवर जाहीर करण्यात कसलं लोकहित? दुसरा, लोकसेवकाच्या कामाबद्दल सद्भावाने व्यक्त केलेलं मत. तिसरा, न्यायालयातल्या कामकाजाचं मुळाशी प्रामाणिक वृत्त. विधानसभेतल्या कामकाजाच्या अचूक बातमीलाही संरक्षण मिळालं आहे. ‘लोकमत’च्या संपादकांवरचा असाच खटला १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन संपला. चौथा, योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावाने केलेली तक्रार. अपवाद सिद्ध करणं आरोपीकडे असतं, पण सरकार पक्षाइतकं ‘संशयापलीकडे’ नव्हे. पारडं आपल्या बाजूला झुकलं तरी पुरे.

दिवाणी दावा आणि मनाई हुकूम

इथे खरी घाई पहिल्या आठवड्यात असते, कारण वादी बहुधा दाव्यासोबतच मजकूर काढून टाकण्याचा तूर्तातूर्त मनाई हुकूम मागतो. नोटीस आल्याबरोबर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल करून ठेवा. मग तुम्हाला न ऐकता आदेश होणं अवघड जातं. कॅव्हेट ९० दिवस टिकतं, नंतर नव्याने भरावं लागतं. कुठे भरायचं हा प्रश्न आहे, कारण वादी त्याच्या गावात, म्हणजे नुकसान जिथे झालं तिथे, किंवा तुमच्या गावात दावा लावू शकतो. दोन्हीकडे भरलेलं बरं.

मनाईला विरोध करताना मार्च २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा ब्लूमबर्ग प्रकरणातला निकाल दाखवा. पूर्ण सुनावणीआधी प्रसिद्धी रोखणं हा अपवाद असावा, मजकूर दुष्ट हेतूचा किंवा उघड खोटा असल्याचं दिसल्याशिवाय तसा आदेश देऊ नये, आणि कारणं न लिहिता तर नाहीच, असा त्याचा आशय आहे.

लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची. फार तर ९० पर्यंत वाढ मिळते. त्यापुढे गेलात की कैफियतीविना दावा पुढे चालवण्याचा आदेश होतो आणि तो उठवण्यासाठी अर्ज, खर्च, विनवण्या सुरू होतात. कैफियत लिहिताना दाव्यातलं मूळ मराठी वाक्य जसंच्या तसं दिलंय का ते आधी बघा. मानहानीत नेमके शब्द महत्त्वाचे. ‘प्रतिवादीने बदनामीकारक मजकूर लिहिला’ एवढ्यावर दावा लंगडा राहतो.

लिहिण्याआधीच सावरायचं तर

सोसायटीतल्या पैशांच्या वादावरून लिहिलेली दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. ‘सचिवाने दुरुस्तीचे पैसे खाल्ले.’ आणि ‘२०२३-२४ च्या हिशेबात गच्चीच्या दुरुस्तीपोटी १,८०,००० रुपये दाखवले आहेत. ५ मे रोजी लेखी अर्ज देऊन पावत्या मागितल्या, आजपर्यंत मिळालेल्या नाहीत. समितीने पावत्या सर्व सभासदांना दाखवाव्यात.’ वाचणाऱ्याच्या मनात उभा राहणारा प्रश्न एकच आहे. पण पहिल्या वाक्यात अपहार सिद्ध करायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते, दुसऱ्यात फक्त अर्जाची पोचपावती दाखवावी लागते.

‘कथित’, ‘म्हणे’, ‘असं ऐकिवात आहे’ आणि शेवटचं प्रश्नचिन्ह यांचा ढालीसारखा उपयोग होत नाही. दुसऱ्याचा आरोप पुढे ढकलणं हीसुद्धा प्रसिद्धीच. ‘आलं तसं पाठवलं’ हे सांगून जबाबदारी टळत नाही. ग्रुपच्या ॲडमिनला मात्र सभासदाच्या पोस्टबद्दल आपोआप दोषी धरता येत नाही. समान हेतू दाखवावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं.

मत मांडायचं असेल तर ज्या गोष्टीवर मत आधारलंय ती आधी लिहा. ‘तीन महिन्यांत रस्ता उखडला; माझ्या मते काम निकृष्ट आहे’ यात वाचणारा स्वतः ठरवू शकतो. ‘ठेकेदार आणि अभियंता यांचं साटंलोटं आहे’ हे मत नव्हे, पैशांच्या देवघेवीचा आरोप आहे. त्यासाठी कागद लागतील. सरकारी कागद माहिती अधिकारातून मिळतात: अर्जाला १० रुपये, उत्तराला सर्वसाधारण मुदत ३० दिवस. प्रती मागताना ‘प्रमाणित प्रत’ असं लिहा.

तक्रार आणि पोस्ट यांतला क्रमही पाळा. गृहनिर्माण संस्थेतल्या गैरव्यवहाराची तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे केली, तर वर सांगितलेला, योग्य अधिकाऱ्याकडे केलेल्या तक्रारीचा अपवाद पाठीशी उभा राहतो. तोच मजकूर आधी चारशे लोकांच्या ग्रुपवर टाकला, तर तो अपवाद मिळत नाही, कारण त्या चारशे जणांना चौकशीचा अधिकार नाही. तक्रार दिल्यावर ‘अमुक तारखेला उपनिबंधकांकडे तक्रार दिली आहे’ एवढंच ग्रुपवर लिहा. तक्रारीचा मजकूर जोडू नका.

बदनामी तुमची झाली असेल तर

वरच्या सगळ्याची उलट बाजू. पुरावा त्याच पद्धतीने जतन करा, आणि मजकूर वाचलेल्या, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन-तीन माणसांची नावं लिहून ठेवा. तेच तुमचे साक्षीदार. एक वर्षाची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल करा. समाजमाध्यम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करा, पण तिच्यावर विसंबून राहू नका. श्रेया सिंघल निकालानंतर मजकूर काढायला कंपनी बहुधा न्यायालयाचा आदेश मागते. आधी दुरुस्ती मागणारी साधी, रक्कम न लिहिलेली नोटीस पाठवा. दाव्याआधी नोटीस देणं खासगी व्यक्तीविरुद्ध बंधनकारक नाही, तरी बरीच प्रकरणं तिथेच संपतात. दावा लावलाच तर रक्कम कोर्ट फीचा हिशेब करूनच ठरवा, आणि फौजदारी फिर्याद केली तर प्रत्येक तारखेला स्वतः हजर राहण्याची तयारी ठेवा. दोन-तीन वर्षं त्या तारखांना जाता येणार नसेल, तर फक्त दिवाणी दावा लावा.